पडझड किती टक्के?

२०१९ चा ऑगस्ट. पूर ओसरून तिसरा दिवस. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर जाऊन आली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. नदीकाठच्या एका गावात आम्ही घरांचे पंचनामे करत होतो. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात शाखा अभियंता. बरोबर तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक, कोतवाल आणि गावातले पंच. गल्लीत पोटरीभर चिखल, मेलेल्या जनावरांचा वास, आणि प्रत्येक दारात ओल्या गाद्यांचा आणि धान्याच्या पोत्यांचा ढीग. ज्वारीला कोंब फुटले होते.

एका आजींच्या घरापाशी आलो. तीन खणांचं घर. दगडी जोतं, त्यावर मातीत रचलेली भाजकी वीट, बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. गिलाव्यावर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. मागच्या न्हाणीचा कोपरा ढासळला होता, बाकी चारी भिंती उभ्या होत्या. मी आत डोकावले, दोन फोटो काढले आणि कागदावर लिहिलं: अंशतः पडझड, १५ टक्के.

"बाई, आत ऱ्हायाला चालंल का?" आजींनी विचारलं.

"थोडं वाळू द्या आजी. मग चालेल."

नवव्या दिवशी भर दुपारी, चांगलं ऊन पडलेलं असताना, मागची भिंत आतल्या बाजूला कोसळली आणि तिच्याबरोबर अर्धं छप्पर खाली आलं. आजी आणि त्यांची सून टँकरवर पाण्याला गेल्या होत्या. नातू शाळेच्या पडवीत, जिथे पूरग्रस्तांची सोय केली होती, तिथे खेळत होता. कुणाला इजा झाली नाही. पण ते "वाळू द्या, मग चालेल" मी म्हटलेलं आहे, आणि ते मी आजवर विसरलेले नाही. नोकरीत असताना याबद्दल लिहायचं धाडस झालं नाही. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. येत्या पावसाळ्यात कुणीतरी नवा अभियंता किंवा नवीन लागलेला ग्रामसेवक अशाच एखाद्या दारात कागद घेऊन उभा राहील, त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

मातीत रचलेली भिंत पाण्यात असतानाच पडेल असं नाही. आत आणि बाहेर सारखंच पाणी असतं, दोन्हीकडून दाब सारखा. पाणी बाहेरून भराभर उतरतं, आत मात्र तुंबून राहतं, तेव्हा पहिला धोका. दुसरा धोका भिंतीच्या पोटात असतो. विटांमधली माती पाणी पिऊन लोण्यासारखी झालेली असते, भिंतीचं वजन वाढलेलं असतं, आणि हे सगळं वजन खालच्या दोन-तीन थरांवर, म्हणजे जिथे माती सगळ्यात जास्त विरघळली आहे तिथेच येतं. मग ऊन पडतं. एक बाजू वाळते, आकसते, दुसरी ओलीच राहते. भिंतीला पोट सुटतं. बाहेरून सिमेंटचा गिलावा असेल तर आणखीच वाईट, कारण आतली ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही आणि बघणाऱ्याला भिंत धडधाकट दिसते. आमच्याकडचे जुने गवंडी हे सगळं एका वाक्यात सांगतात: पाण्यात भिजलेली भिंत उन्हात पडते. मी अभियांत्रिकीची पदविका घेतलेली बाई; ते वाक्य मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी एका गावात सव्वाशे घरं बघायची होती आणि ते मला आठवलं नाही.

पंचनामा लवकर करावाच लागतो. त्याशिवाय मदत सुटत नाही, आणि लोक उघड्यावर असतात. पण घर आपलं नुकसान तिसऱ्या दिवशी दाखवत नाही. ते सातव्या दिवशी दाखवतं, पंधराव्या दिवशी दाखवतं. काळ्या रानावर पाया असेल तर दिवाळीनंतर दाखवतं. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना भेगाळते. ऑगस्टमध्ये सरळ असलेलं घर डिसेंबरात एका कोपऱ्यानं खाली बसतं, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तड वर चढत जाते. तोवर सगळी कागदपत्रं बंद झालेली असतात.

आता पैशांचं. २०१९ ला राज्य आपत्ती निधीचे जे निकष लागू होते त्यांत सपाट भागातलं घर पूर्ण गेलं तर ९५ हजार १०० रुपये होते. अंशतः पडझडीला, ती किमान १५ टक्के असेल तर, पक्क्या घराला ५ हजार २०० आणि कच्च्याला ३ हजार २००. मधे पायरीच नाही. चाळीस टक्के मोडलेल्या घरालाही ५ हजार २०० आणि पंधरा टक्के मोडलेल्यालाही तेवढेच. म्हणजे माझ्या पेनाच्या एका शब्दानं एखाद्या घराच्या वाट्याला ५ हजार यायचे की ९५ हजार, हे ठरत होतं. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारनं वाढीव दर दिले तेव्हा मधल्या पायऱ्या आल्या: पूर्ण घराला दीड लाख, ५० टक्क्यांना ५० हजार, २५ ला २५ हजार, १५ ला १५ हजार. हे नक्कीच जास्त न्यायाचं होतं. पण मग टक्का नेमका ठरवायचा कसा, हा प्रश्न आणखी टोकदार झाला. चोवीस आणि पंचवीस यांत दहा हजारांचा फरक. तो फरक भिंतीवर कुठे लिहिलेला असतो?

माझ्या मते घोटाळा शब्दातच आहे. आमच्या कागदावर शब्द असतो 'पडझड'. तो शब्द वाचला की डोळे पडलेलं शोधायला लागतात. किती फूट भिंत पडली, किती कौलं गेली. जे उभं आहे ते शाबूत, असं मन धरून चालतं. आजींच्या घरी माझं तेच झालं. पडलेला कोपरा बघितला, उभ्या भिंतींकडे पाठ केली.

खरं तर त्याच्या दीड वर्ष आधी मी वेगळं काही बघून आले होते, आणि तरीही ते मला त्या चिखलात सुचलं नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत मी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत ह्यूस्टनला गेले होते. अडीच महिने. त्या आधीच्या ऑगस्टमध्ये तिथे हार्वे चक्रीवादळाचा पाऊस होऊन शहर बुडालं होतं. मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर, तिला काही झालं नव्हतं. सकाळी बाळाला बाबागाडीत घालून मी फिरायला निघायची, तो रस्ता मेयरलँड नावाच्या वस्तीतून जायचा. ही वस्ती २०१५, २०१६ आणि २०१७ अशी ओळीनं तीन वर्षं पाण्यात गेलेली. तिथे पहिल्यांदा मी अख्खं घर उचललेलं बघितलं. खाली लोखंडी तुळया सरकवलेल्या, लाकडी ओंडक्यांच्या चौकटी रचलेल्या, जॅक लावलेले, आणि घर आठ फुटांवर, दारापर्यंत जायला पायरी नाही. मी तिथे पाच मिनिटं उभीच राहिले. बाळ झोपलं होतं.

त्या गल्लीत एक आजोबा भेटायचे, निवृत्त मास्तर. जावयांना सोबत घेऊन एकदा त्यांच्याशी नीट बोलले. त्यांना शहराकडून पत्र आलं होतं की तुमच्या घराचं नुकसान 'सबस्टॅन्शियल' आहे. या शब्दाचा तिथे ठरलेला अर्थ आहे: घर पुरापूर्वी होतं तसं करायला जो खर्च येईल तो पुरापूर्वीच्या घराच्या किमतीच्या निम्मा किंवा त्याहून जास्त. किंमत फक्त घराची, जागेची धरायची नाही. आणि हे ठरवायचं काम विमा कंपनीचं नाही, केंद्राचंही नाही. ते शहराच्या किंवा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, स्थानिक अधिकाऱ्याचं. १९६८ पासून तिथे सरकारी पूरविमा योजना आहे. गावाला त्या योजनेत राहायचं असेल तर पुरानंतर हे काम गावानं करावंच लागतं.

निम्म्याची रेघ ओलांडली की घर पूर्वीसारखं बांधू देत नाहीत. ते आजच्या पूरनियमांत बसवावं लागतं, म्हणजे बहुतेक वेळा उचलावं लागतं नाहीतर पाडून उंचावर बांधावं लागतं. म्हणून आजोबा भांडत होते. त्यांच्या हिशेबानं खर्च ४७ टक्के होता, शहराच्या हिशेबानं ५० च्या वर. त्यांच्या घराची एकही भिंत पडलेली नव्हती. बाहेरून बघितलं तर कुणी म्हटलं असतं, रंग दिला की झालं. पण आत चार फूट पाणी दोन दिवस होतं. जिप्समच्या भिंती, त्यांच्या आतला कापूस, वायरी, फरशीखालचं लाकूड, ओटा, दारं, सगळं कापून बाहेर टाकलेलं होतं.

जावयांनी मला फेमाच्या, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याच्या, त्या हिशेबाच्या पद्धतीचे कागद काढून दिले. तिथल्या स्थानिक अधिकाऱ्यांना एक संगणकी तक्ता दिलेला असतो, 'सबस्टॅन्शियल डॅमेज एस्टिमेटर'. राहत्या घराचे त्यात बारा भाग पाडलेत: पाया, सांगाडा, छपराचं आवरण, बाहेरचा आणि आतला गिलावा, दारं-खिडक्या, ओटे-कपाटं, फरशी, नळ, वीज, घरातली बसवलेली यंत्रं, हवा गार-गरम करायची सोय. घराच्या एकूण किमतीत प्रत्येक भागाचा वाटा ठरलेला. अधिकारी प्रत्येक भागापुढे तेवढंच लिहितो की या भागाचं नुकसान किती टक्के. बेरीज तक्ता करतो. एकाच नजरेत अख्ख्या घराला टक्का द्यायचा नाही. बारा वेळा लहान-लहान टक्के द्यायचे. चूक झाली तरी एकाच ठिकाणी होते आणि कुणाला तपासायची असेल तर कुठे झाली ते दिसतं.

मला ते फार आवडलं. कागद बॅगेत घालून आणले, कपाटात ठेवले. आणि सव्वा वर्षानं आजींच्या दारात उभी राहून एका नजरेत १५ टक्के लिहिलं.

भिंत पडल्यावर फेरपंचनामा झाला. तो मीच केला आणि आधीच्या पंचनाम्यातली चूक माझी होती हे त्यात लिहिलं. त्या रात्री घरी येऊन कपाटातले कागद काढले. आमच्या घरात हवा गार-गरम करायची सोय नसते आणि त्यांच्या घरात जोतं नसतं, तेव्हा तो तक्ता जसाच्या तसा उपयोगाचा नव्हता. ओळखीच्या दोन गवंड्यांना आणि एका जुन्या सुताराला बोलावलं, चहा केला आणि विचारलं: तीन खणांचं मातीतल्या विटांचं घर आज नव्यानं बांधायला शंभर रुपये लागले, तर कशाला किती? दोन तास वाद घालून आमचा तक्ता तयार झाला. जोतं आणि पाया १५, भिंती ३५, छप्पर २०, फरशी ८, दारं-खिडक्या ८, गिलावा ७, वायरिंग ४, न्हाणी-संडास ३. सुतार दारांच्या ८ वर अजूनही नाराज आहेत. सागवानी चौकट असेल तर कमी धरलेत म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

मग आजींच्या घराचा हिशेब पहिल्या पंचनाम्याच्या दिवशी घर जसं होतं तसा मांडला. भिंती: चारांतल्या तीन पूर्ण भिजलेल्या, ओळंब्यातून गेलेल्या म्हणजे सरळ न राहिलेल्या, ३५ पैकी २८. फरशी उखडून पुन्हा करावी लागणार, ८ पैकी ८. गिलावा ७. वायरिंग ४. दारं-खिडक्या निम्म्या, ४. जोत्याचा मागचा कोपरा खचलेला, ५. छप्पर वर शाबूत होतं, पण भिंती नव्यानं घ्यायच्या तर ते उतरवावं लागणार, त्यात कौलं फुटणार, वासे बदलणार, ६. बेरीज झाली ६२. न्हाणी तर मी अजून धरलीच नव्हती, आणि मी फक्त न्हाणीच बघून आले होते.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. या वेळी सांगलीला ५४ फुटांच्या वर. या वेळी माझ्या पिशवीत ओळंबा होता, टेप होती, एक बोटभर जाडीची सळई होती आणि तक्त्याच्या झेरॉक्स होत्या. सळईनं गिलावा ठोकायचा. भिंत धड असेल तर आवाज टणक येतो. आत माती सुटली असेल तर बद्द येतो, रिकाम्या डब्यासारखा. पाण्याच्या रेघेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे ठोकून बघायचं म्हणजे फरक कानाला कळतो. ओळंबा भिंतीच्या मधोमध सोडायचा, कोपऱ्यात नाही, कारण पोट मधेच सुटतं. तड दिसली तर आत जाऊन त्याच जागी तड आहे का ते बघायचं. दोन्हीकडे असेल तर ती भिंतीची, एकाच बाजूला असेल तर बहुधा गिलाव्याची. दार बंद करून बघायचं. पुराआधी लागणारं दार आता चौकटीला अडत असेल तर कोपरा खाली बसला आहे. लाकूड फुगूनही दार अडतं, म्हणून फट वर-खाली सारखी आहे का ते पाहायचं. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे सळई टोचायची. माळवदाच्या घरात तर सगळ्यात आधी तिथेच, कारण तिथे वर फूटभर मातीचा भार असतो आणि तुळई सरकली तर इशारा देत नाही.

यात उलट बाजूही आहे, तीही सांगितली पाहिजे. कॉलम-बीमचं स्लॅबचं घर पाण्यात चार दिवस उभं राहिलं तर त्याचा सांगाडा सहसा धड असतो. अशा एका घरमालकांना ५० टक्के हवे होते. त्यांच्या कंपाउंडची भिंत चाळीस फूट आडवी झाली होती आणि आतलं फर्निचर सगळं गेलं होतं. नुकसान मोठं होतं, मी नाकारत नाही. पण कंपाउंड म्हणजे घर नव्हे आणि फर्निचर म्हणजे बांधकाम नव्हे. तक्त्यात बेरीज १८ आली. ते रागावले, गावातली दोन वजनदार माणसं घेऊन आले. मी त्यांच्यासमोर तक्ता ठेवला आणि म्हणाले, "कुठल्या रकान्यात कमी लिहिलंय ते दाखवा, आत्ता बदलते." त्यांनी फरशीच्या रकान्यात बोट ठेवलं. आत गेलो, फरशी खरंच एका खोलीत पोकळ वाजत होती. १८ चे २० झाले. पायरी बदलली नाही, पण ते सही करून गेले. हातात फक्त एक आकडा असता तर मला एवढंच म्हणता आलं असतं की मी सांगते म्हणून.

ह्यूस्टनच्या मास्तर आजोबांची आठवण मला तेव्हा सारखी यायची. ते ५० च्या खाली येण्यासाठी भांडत होते, आमची माणसं ५० च्या वर जाण्यासाठी. तिथे ती रेघ ओलांडली की अंगावर खर्च येतो, इथे ओलांडली की हातात मदत येते. दोन्हीकडे मधे उभा असतो तो गावातलाच एक अधिकारी. त्याला उद्या त्याच गल्लीतून जायचं असतं.

पण त्या दोन रेघांमधला दुसरा फरक मला २०२१ पर्यंत कळला नव्हता. तो आजींनीच दाखवला.

फेरपंचनाम्यानंतर मदत मिळाली, मुलानं सोसायटीचं कर्ज काढलं, सुनेनं पाटल्या मोडल्या आणि वर्षभरात घर उभं राहिलं. सिमेंटमधली वीट, वर पत्रा. मी बांधकाम चालू असताना एकदा जाऊन आले होते, गवंड्याला कोपऱ्यांत सळया घालायला सांगितल्या होत्या. मला समाधान वाटलं होतं. जुन्या जोत्याचे दगड चांगले होते, त्यावरच भिंती चढवल्या होत्या. रस्त्यापासून दोन फूट तीन इंच. २०२१ ला त्या घरात चार फूट पाणी चढलं. घर पडलं नाही. पण धान्य गेलं, फ्रिज गेला, पोराची पुस्तकं गेली.

मी दारात उभी होते, पुन्हा कागद घेऊन. आजी म्हणाल्या, "बाई, तुमी तवाच सांगितलं आसतं तर जोतं वाढवलं नसतं का आमी? आमाला वाटलं, सरकारची मान्सं यिऊन बगून गेल्यात, म्हंजी ह्येच बरूबर आसंल."

मला उत्तर देता आलं नाही. पंचनाम्यात नुकसान किती हे विचारतात. घर पुन्हा बांधताना किती उंचीवर बांधायचं, हे विचारणारा रकानाच नाही. ह्यूस्टनमध्ये मी असतानाच, एप्रिल २०१८ ला, नगर परिषदेनं ठराव केला होता की नव्या घराची जमीन पाचशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीपेक्षा दोन फूट वर हवी. १ सप्टेंबरपासून तो लागू झाला. सगळ्यांना तो आवडला नव्हता, मतं थोडक्यात पडली होती. पण तिथे नुकसानीचा टक्का आणि पुढच्या घराची उंची एकाच धाग्यात बांधलेली आहे. आपल्याकडे जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नवीन बांधकामाची परवानगी देताना त्या बघायच्या असतात. पण जुन्या गावठाणातलं पडलेलं घर जागेवरच पुन्हा उभं राहतं तेव्हा ती रेघ कुठेतरी नकाशावर असते आणि घर गल्लीत असतं. त्या दोघांची गाठ घालून द्यायची एकमेव संधी पंचनाम्याच्या दिवशी असते, जेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ ओली असते आणि टेप माझ्या हातात असते.

घर उचलायचं म्हणाल तर ते आमच्याकडच्या बहुतेक घरांना जमणारं नाही. मेयरलँडची घरं लाकडी सांगाड्याची, विटांचा नुसता पापुद्रा बाहेरून. आमची मातीतली भिंत जॅकवर उचलायला गेलं तर हातात विटा येतील. पण जे घर पाडून नव्यानं बांधायचंच आहे, त्याचं जोतं वाढवता येतं. तीस फूट बाय अठरा फूट घराचं जोतं तीन फूट वाढवायला साधारण १६ ब्रास मुरूम लागतो (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). थरावर थर, पाणी मारून, धुम्मस करून. स्वस्त म्हणून शेतातली काळी माती भरली तर ती फरशीच वर उचलते, हे लोकांना सांगावं लागतं. जोत्याच्या बाहेरून सिमेंटमधला दगड हवा. तीन फुटांनी २०१९ सारखा पूर अडत नाही. पण घरात कमी पाणी, कमी दिवस, एवढं होतं, आणि लहान पूर तर उंबऱ्याला शिवतही नाही.

आजींकडून आल्यापासून मी प्रत्येक पंचनाम्याच्या खाली, पंचांच्या सह्यांच्या वर मोकळी जागा असते तिथे, तीन आकडे लिहायला लागले. रस्त्यापासून जोत्याची उंची. जोत्यापासून या पुराची रेघ. आणि २०१९ ची रेघ, ती भिंतीवर राहिली असेल तर, नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून. हे लिहायला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हरकतही घेतली नाही. तेच आकडे वहीच्या कागदावर लिहून घरच्या बाईच्या हातात द्यायचे. पुरुषांना दिलेला कागद हरवतो असा माझा अनुभव आहे; बाया तो रेशनकार्डात घालून ठेवतात. आणि सांगायचं, गवंडी येईल तेव्हा त्याला हा दाखवा. एका गल्लीतल्या सात घरांनी पुढे नवीन जोतं धरताना तो कागद काढला, हे मला त्यांच्या गवंड्यानं फोन करून सांगितलं. त्यानं विचारलं होतं, "बाई, ह्यो आकडा रस्ता नवा हुयाच्या आदीचा का नंतरचा?" रस्ता मधल्या काळात नऊ इंचांनी वर आला होता. तेव्हापासून रस्त्याऐवजी ग्रामपंचायतीच्या पायरीपासून मोजायला लागले, ती पायरी जुनी आहे आणि हलणार नाही.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात आजींकडे जाऊन आले. जोतं वाढवणं आता शक्य नव्हतं, घर होऊन गेलेलं. त्यांनी मधल्या खणात लोखंडी अँगल टाकून फळ्यांचा माळा करून घेतला आहे. नातवानं भिंतीवर निळ्या रंगानं दोन रेघा मारल्यात, खालची २०२१ ची, वरची २०१९ ची. माळा वरच्या रेघेच्याही हातभर वर आहे. त्यावर ज्वारीचे चार पत्र्याचे डबे, पोराचं दप्तर, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत घराचा आठ नंबरचा उतारा, रेशनकार्ड आणि माझा तो कागद. आजी शिडीला धरून खाली उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "चढा की वर. बगा, फळी हलतीय का."

मी चढून बघितलं. एका टोकाला हलत होती. सुनेला स्क्रू आणायला सांगितलं.